सगळ्या सारख्याच दिसतात

दादा, काल त्र्यंबकला काकूंकडे जाऊन आले. तुमच्या ज्या दोस्ताचा इटलीच्या लढाईत जीव गेला, त्यांची बायको. आता नव्वदीला टेकल्यात, ऐकू कमी येतं, पण जीभ तशीच तिखट. तिथं जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं. हे सांगण्यासारखा माणूस एक तुम्हीच, आणि तुम्ही तर कधीचे गेलात.

सातपूरच्या कारखान्यात तुम्ही वॉचमन, पण कॉलनीत तुमचं नाव 'जर्मन'. का नाही ठेवणार! बाकीच्यांचे बाप पोरींना पाढे शिकवायचे, तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून सबमशीनगन शिकवल्यात. फौजेत असताना पकडलेली जर्मन हत्यारं साफ करून वेगवेगळी लावायचं काम तुमच्याकडे होतं, ते डोक्यातून गेलंच नाही. पापडाचं लाटणं उचलून म्हणायचात, "ही अडतीस, म्हणजे अडतीस सालची बंदूक. अंगावर अशा उभ्या खाचा." मग पोळीचं लाटणं. "ही चाळीस. गुळगुळीत, पत्रा ठोकून केलेली." आई ओरडायची, "अहो, तवा तापलाय! पोरीला काय फौजेत धाडायचीय?" तुम्ही ऐकाल तर शपथ. "पण नुसत्या खाचांवर जाऊ नकोस. काही अडतीसना बाजूला गोळी चढवायला ओढायचं नवं हँडल मागाहून बसवलंय, आत दाबलं की अडकून बसतं. जुन्याला ती सोय नाही. भरलेली बंदूक नुसती आपटली तरी सुटते. मग आधी काय बघायचं?" "हँडल," मी म्हणायची, आणि तुम्ही माझ्या हातावर शेंगदाणे ठेवायचात. मैत्रिणी आल्या असल्या तरी तेच. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. देवळाली कॅम्पात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरलंय, तुम्ही मला घेऊन आलात, काकूही बरोबर आहेत. काचेमागे त्या तुमच्या बंदुका ओळीनं मांडलेल्या. काकू काचेला नाक लावून बघतात आणि विचारतात, "भावजी, ह्यांना लागली ती असल्याच बंदुकीची ना? ह्यातली कोणती हो?" तुम्ही म्हणता, "काय सांगू वहिनी. सगळ्या सारख्याच दिसतात." मी उडालेच. "असं काय दादा! ही अडतीस, हिचं हँडल जुनं—" "तोंड बंद कर!" सगळं प्रदर्शन वळून बघायला लागलं. जन्मात माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि वाटलं, बाप आपला नुसता फेकाडा, चार लोकांत विचारलं की काही येत नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी, सिव्हिलच्या खाटेवर, तुम्ही माझा हात धरून सांगितलंत. ती बंदूक तुम्हीच दोस्ताच्या हातात दिली होती. खाचा दिसल्या, नवं हँडल बसवलेलं असणार असं धरून चाललात, बोट लावून बघितलं नाही. त्यानं ट्रकमधून खाली उडी मारली, दस्ता जमिनीवर आपटला आणि गोळी सुटली. कागदोपत्री लढाईत गेला. "वहिनीला तोंड दाखवायची लाज वाटते," तुम्ही म्हणालात, "म्हणूनच दर दिवाळीला जातो." मी काय बोलले? "पडून राहा दादा, दमाल." एवढंच सुचलं.

तुमच्या माघारी दिवाळीची ती फेरी मी चालू ठेवली. काल काकूंनी फराळाचं ताट पुढं केलं आणि एकदम म्हणाल्या, "तुला तर बापानं सगळ्या शिकवल्या होत्या ना गं? माझे आता किती दिवस राहिलेत? सांगून टाक. ह्यांना मारलं ती कोणती?"

शब्द अगदी ओठांवर होते, दादा. त्या बाईचा हक्क आहे, हे मला कळत नाही का? पण तुमचं नाव त्यांच्या तोंडी कायमचं वाईट होईल, या भीतीनं मी गारठले. मोठ्यानं, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "काकू, सगळ्या सारख्याच दिसतात."

त्यांनी ताटात हात घातला. मग म्हणाल्या, "बापावर गेलीस हो," आणि माझ्या हातात बेसनाचा लाडू ठेवला.

लाज तर अशी वाटत होती की मान वर होईना. पण खोटं कशाला बोलू, तो लाडू मी खाल्ला. सगळा.