दोन नावांची सेफिना

आई,

तुला आणि गावातल्या सगळ्यांना ब्रिस्बेनहून माझं प्रेम. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. इथं अळकुड्या मिळतात, पण त्यांना आपल्या मातीची चव नाही.

नोकरी कायम करायची मुलाखत झाली. मुलाखत समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या संशोधनाचा दाखला फारच कमी लोकांनी दिलेला दिसतो." त्यांच्यासमोरचा कागद बघितला, तर त्यात माझे निम्मेच लेख. अळूच्या करप्याला तोंड देणाऱ्या जनुकावरचा लेख, ज्याचा दाखला जगभर देतात, तोच नव्हता. तो 'सेफिना फेतू' या माझ्या जुन्या नावावर आहे. बाबांना गावाच्या प्रमुखाची तौलेआ ही पदवी मिळाली आणि आपण सगळ्यांनी तेच आडनाव घेतलं, त्यानंतरचे लेख 'सेफिना तौलेआ'चे. इथल्या संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका.

बाई म्हणाल्या, "जुनं नाव सोडून द्या ना. सोपं पडेल."

मी म्हटलं, "फेतू नावाच्या माणसानं मासे विकून मला शिकवलं. गावानं त्यालाच तौलेआ केलं. मी दोन्ही ठेवणार. मोजणी तुम्ही सुधारा."

निकाल पुढच्या महिन्यात आहे. झोप जरा कमी झालीय, एवढंच.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस, नाहीतर माझ्यापायी पदवी परत करायला निघतील. नवा लेख छापून आला की पाठवीन, त्यातलं फक्त माझं नाव त्यांना वाचून दाखव.

तुझी,
सेफिना फेतू तौलेआ