यादीत राहिलेलं नाव

टोलीडो, ओहायो
९ मार्च २०१५

प्रिय वर्लीनताई,

तुझा गुडघा कसा आहे? बर्फातून चर्चला पायी जाऊ नकोस, देव घरातलंही ऐकतो. मी बरी आहे, म्हणजे तक्रार ऐकायला घरात कोणी नाही म्हणून बरी.

आधी चांगली बातमी. माझं ड्रायव्हिंग लायसन्स परत मिळतंय! तीन वर्षांपूर्वी विमा संपलेला असताना मी त्या बाईंच्या गाडीला धडकले, कोर्टाने चौदा हजार डॉलर भरायला सांगितले आणि ते भरेपर्यंत लायसन्स गेलं, हे तुला माहीतच आहे. गाडी बंद झाली आणि कामही गेलं. सहा घरच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला जायचे, आता एकट्या मिसेस कोवाल्चिक उरल्यात, त्याही दारात बस थांबते म्हणून. कमाई नाही तर चौदा हजार आणू कुठून? शेवटी डनलॅप वकील म्हणाले, "बाई, दिवाळं जाहीर करा. देणं माफ झालं की लायसन्स अडवायला कारणच उरत नाही."

दिवाळं! आईने ऐकलं असतं तर मला ताटावरून उठवलं असतं. पण मी सही केली.

त्यात सगळ्या देण्यांची यादी द्यावी लागते. अपघाताचे पैसे लिहिले, दवाखाना लिहिला, विजेचं बिल लिहिलं. घरच्या माणसाचं नाव कोणी कोर्टात देतं का, म्हणून तिथेच थांबले. वकिलांनाही बोलले नाही.

गेल्या गुरुवारी त्यासाठी कोर्टात हजेरी होती. उजवा हात वर करून शपथ घेतली. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "यादी पूर्ण आहे?"

"नाही, साहेब."

डनलॅपनी कपाळाला हात लावला.

"कोण राहिलं?"

"माझी बहीण."

ताई, इतका वेळ गुडघ्याबिडघ्याचं विचारत बसले ते याचसाठी. दोन-चार दिवसांत तुला कोर्टाचं पाकीट येईल. रूफस भावजींच्या थडग्यावर दगड बसवायला तू साठवलेले अडीच हजार माझं घरभाडं थकलं तेव्हा मला दिलेस ना, ते आता तू मागायचे नाहीत, असं त्यात असेल. वाचून म्हणशील, हिनं मला बुडवलं. म्हण. भावजी अजून दफनवाल्यांनी लावलेल्या तात्पुरत्या पत्र्याच्या पाटीखाली आहेत, ते माझ्यामुळे. मला फार लाज वाटते. "हो" म्हणाले असते तर तुला काही कळलंही नसतं. पण हात वर करून खोटं बोलायला जीभ वळली नाही.

बाहेर आल्यावर वकिलांना विचारलं, "मग मी तिला द्यायचेच नाहीत?"

ते वैतागले होते. "मागायची बंदी तिला आहे. तुम्हाला द्यायला कोणी अडवलंय?"

दोन जुनी घरं मला परत बोलवतायत. लायसन्स हातात आलं की दर महिन्याला शंभर पाठवीन. वेळ लागेल, पण पाठवीन. नको म्हणू नकोस.

पाकीट आलं की उघड, फाडून टाकू नकोस. आणि मग मला फोन कर. पैसे मागायची बंदी आहे, शिव्या घालायची नाही. दुपारनंतर मी घरीच असते.

यादीत तुला सगळ्यांत शेवटी लिहिणारी,
तुझीच
ओडेसा