गुरुवारची टाकी

दि. ६ जून

चि. ठमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायचं म्हणजे तू ओरडणार आणि मी भलतंच उत्तर देणार. कानांनी पार हात टेकलेत, म्हणून पत्रच बरं. इकडे सगळं जेमतेम ठीक. तुझ्या आईचं खाणं बेताचंच आहे. गुरुवार आला की मला आदल्या दिवसापासूनच थकवा येतो. सलाईन तिला लावायची आणि अंगातलं त्राण माझं जायचं, असा प्रकार. जायला अडीच तास, यायला अडीच तास, आणि रस्ता म्हणजे नुसते ट्रक. पण तक्रार नाही.

एक चांगली बातमी देतो. गेल्या महिन्यात गाडीला नवा एअर फिल्टर बसवला. कंपनीचा काळा डबा काढून टाकला आणि त्या जागी चकचकीत पाइप आणि लाल फिल्टर. दुकानदार म्हणाला की इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ते पेट्रोल कमी पितं. तू नाक मुरडणार हे ठाऊक होतं, म्हणून आधी काही बोललो नाही. पण ऐक. पूर्वी टाकी भरली की दोन गुरुवारांत खडखडाट व्हायचा. परवा तिसरा गुरुवार करून आलो तरी काटा तग धरून होता. आता बोल.

आवाज जरा गुरगुरल्यासारखा येतो. आई म्हणते, म्हाताऱ्याला मिशा फुटल्या.

जावईबापूंना नमस्कार सांग. पत्राची वाट पाहायला लावू नकोस, आमच्याकडे तेवढंच एक काम उरलं आहे.

तुझे बाबा


दि. १४ जून

तीर्थरूप बाबांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण वर्कशॉपमध्ये दोन माणसं रजेवर आहेत आणि त्यांच्या पाळ्याही मीच ओढते आहे. काल घरी आले तर हात न धुताच सोफ्यावर झोपले. सकाळी उशीवर ग्रीसचा पंजा उमटला होता, त्यावरून यांनी दिवसभर माझी टिंगल केली.

फिल्टरचं म्हणाल तर बाबा, तुम्हाला त्या दुकानदारानं शेंडी लावली. आताच्या गाडीत किती हवा आत आली ते मोजलं जातं आणि त्या मापानं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. शिवाय तुम्ही चालवता तशी बेतानं चालवली की हवेची वाट पायाखालच्या पॅडलनंच जवळजवळ मिटवलेली असते. फिल्टर कितीही मोकळा असला तरी आत जायचं तेवढंच जाणार. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोंदलेला फिल्टर पेट्रोल खायचा. तुम्ही अजून त्याच काळात बसला आहात. आमच्याकडे असे पाइप लावलेल्या गाड्या येतात. फरक पडलाच तर चिमूटभर, आणि तोही पॅडल पार दाबलं तर गाडीच्या ताकदीत, मायलेजमध्ये नाही.

तेव्हा फरक दिसतो तो दुसऱ्या कशानं तरी. वेग कमी केलात का? टायरमध्ये हवा भरलीत? येत्या गुरुवारी निघताना आणि परत आल्यावर किलोमीटरचा आकडा बघून मला कळवा.

आईच्या सलाईनमध्ये खंड पडू देऊ नका. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की औषध चालू आहे तोवर दुखणं दबून राहील, थांबलं तर उसळून येईल. तुमची ओढाताण होते हे कळतं. मला रजा मिळाली असती तर मीच गाडी हाकली असती.

पाठ शेकत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची ठमी


दि. २७ जून

चि. ठमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढी इंजिनं उघडलीस, पण बापाला श्रेय द्यायची वेळ आली की हात आखडतेस. चौथा गुरुवारही त्याच टाकीत झाला, मगच पुन्हा भरली. कॉम्प्युटरला काय वाटतं ते त्याला विचार. किलोमीटरचा आकडा बघायचा राहून गेला. माझ्या मागे काय कमी व्याप आहेत?

आईची तब्येत उलट सुधारली आहे. पूर्वी गुरुवारनंतर दोन दिवस तिला उलट्या व्हायच्या, त्या बंद झाल्या. परवा तलावाच्या काठावर बसून अख्खं सफरचंद खाल्लं आणि बदकांना नावं ठेवली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मी मात्र हल्ली बसल्या जागी पेंगतो. काल दाढी करताना पेंगलो. वय झालं, दुसरं काय.

सुखी राहा, आणि आमची आठवण काढताना रागावू नकोस.

तुझे बाबा


दि. ४ जुलै

तीर्थरूप बाबांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

आज चेष्टा करायची ताकद नाही. तुमचं पत्र डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला.

जगातला कुठलाच फिल्टर टाकी दुप्पट पुरवत नाही. पेट्रोल निम्मं लागतं, कारण गाडी निम्मीच चालते. तलाव आहे तो फाट्याजवळ, अर्ध्या वाटेवर. आणि उलट्या बंद झाल्या, कारण सलाईन बंद झाली. बाबा, तुम्ही आईला दवाखान्यात नेत नाही आहात.

मला राग आला आहे, आणि भीती त्याहून जास्त वाटते आहे. खरं काय ते लिहा.

ठमी


दि. १० जुलै

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तू ओळखलंस ते बरं झालं. माझ्यानं आणखी रेटवलं नसतं.

फिल्टर बसवला त्याच आठवड्यातली गोष्ट. फाट्याजवळ तुझी आई म्हणाली, गाडी थांबवा. थांबवली. म्हणाली, मला पुरे झालं, आता मागे फिरा. मी समजावलं, चिडलो, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती समोर बघत बसून राहिली. शेवटी वळवली. तेव्हापासून दर गुरुवारी फाट्यापर्यंत जातो, तिला वाटलंच पुढे जावंसं तर जावं म्हणून. ती नाही म्हणते. मग तलावावर बसतो आणि घरी येतो. दवाखान्यातून फोन आला की तीच घेते आणि पुढच्या आठवड्याचं सांगते. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे.

टाकी पुरायला लागली तेव्हा कारण मला माहीत होतं. पण पत्रात काहीतरी लिहायला हवं होतं, म्हणून फिल्टरचं कौतुक लिहिलं. दुसऱ्या पत्रापर्यंत मलाच ते खरं वाटू लागलं.

आणखी एक सांगतो. गाडी वळवताना मला बरं वाटतं. पुढचा तो ट्रकांचा रस्ता टळला म्हणून. बायको मरणाकडे निघाली आहे आणि मला हायसं वाटतं, या विचारानं मला स्वतःची लाज वाटते.

तिला रागावू नकोस. तिचं मन उडालं आहे, त्याला आपण काय करणार?

तुझ्या मनात जागा असू दे.

बाबा


(त्याच पाकिटातून)

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पाकीट चिकटवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं, म्हणून हा कागद आत सरकवते. त्यांनी लिहिलेलं वाचलं.

त्या गुरुवारी फाटा ओलांडला आणि लगेच तुझ्या बाबांचा डोळा लागला. हात स्टिअरिंगवर होते, मान ताठ होती, आणि गाडी ट्रकच्या चाकांकडे चालली होती. मी स्टिअरिंग ओढलं. दचकून जागे झाले आणि खड्ड्याला शिव्या घातल्या. त्यांना अजून वाटतं तो खड्डाच होता. पहिली वेळ नव्हती ती. जाताना मी त्यांच्याशी काहीबाही बोलत राहायची, येताना सलाईननं गळून गेले तरी डोळे मिटायची नाही, त्यांना चिमटे काढायची.

तुमच्यानं आता गाडी चालवणं होत नाही, असं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हाय खाल्ली असती. भाड्याच्या गाडीचं नाव काढलं तरी दोन दिवस अबोला धरतात. तुला कळवलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस. म्हणून म्हटलं, मला पुरे झालं. फाट्यापर्यंत ते जागे राहतात.

पण गेले आठ दिवस कुशीत पुन्हा दुखायला लागलं आहे. तू ये. फिल्टर तपासायला आले म्हण, आणि चालवून बघते म्हणून किल्ली घे. ते मागे बसतील आणि फाटा यायच्या आत झोपतील. त्यांना उठवू नकोस, सरळ पुढे घे.

माझं मन उडालेलं नाही गं. मला जगायचं आहे. हे त्यांना सांगता येत नाही, कारण सांगितलं तर पुढच्या गुरुवारी ते गाडी दवाखान्यापर्यंत नेतील.

तुझी आई