चौदा नव्हे, नऊ काड्या

अरे,

रात्रपाळी करून आत्ताच झोपलायस, म्हणून उठवत नाही. चिऊला घेऊन हॉस्पिटलला जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

तिच्या जबड्याचं वाढलेलं हाड कापल्यावर डॉक्टर म्हणाले होते, रोज तिच्या दातांमध्ये चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचायच्या आणि हळूहळू वाढवायच्या, नाहीतर तोंड पुन्हा आखडेल. भिंतीवरच्या तक्त्यावर काल मी चौदा लिहिल्या. खऱ्या नऊच होत्या. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "आई, आज एक कमी कर ना गं," आणि मी करायचे. एकच तर, असं रोज वाटायचं. तू तक्ता बघून तिला खांद्यावर घेऊन नाचलास, तेव्हाही मी तो आकडा तसाच ठेवला.

आज सकाळी तोंड एकदम आखडलं, दात घासायचा ब्रशसुद्धा आत जाईना. चिऊ मलाच म्हणाली, "बाबांना नको सांगूस, ते तुला रागावतील." सहा वर्षांची पोर मला पाठीशी घालतेय, म्हणून मीच लिहितेय.

पुन्हा ऑपरेशन लागेल का, ते आज कळेल. उठलास की ये. येताना काड्यांचा डबा आण. यापुढे काड्या तू रचायच्या. मी तिचा हात धरून बसेन.