रस्ता चौदा किलोमीटरने कमी भरला

१४ नोव्हेंबर ९६, गुरुवार
दिवाळीला नाशिकहून आलेले जावई दिलीपराव मुंबईत जाऊन चार अलॉयच्या रिमा घेऊन आले. त्यांच्या गाडीची मूळ रिम बारा इंची, ही तेरा. "बाबा, टायर कुठला घालायचा ते तुम्हीच सांगा." माझ्या टायरच्या दुकानातले सगळे ऐकत होते. मूळ टायर १४५/७०. म्हटलं, सत्तर म्हणजे टायरच्या अंगाची उंची, ती तेवढीच ठेवू. रुंदी थोडी वाढवू. १६५/७० चढवले. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, कुठे घासत नाही. नारळ फोडला. जुनी चाकं दुकानातच राहिली. दुपारी आमच्या सुनंदाला घेऊन नाशिकला निघाले.

१६, शनिवार
दुकानावर दिलीपरावांचा फोन. "बाबा, तुमच्या चाकांनी रस्ता आखडला हो. तुमच्या मानपाड्याच्या दुकानाहून आमच्या घरापर्यंत नेहमी एकशे अठ्ठेचाळीस भरतं. परवा एकशे चौतीसच भरलं." हसलो. घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "चला, पोर तेवढी जवळ आली."

१७, रविवार
पोथीत लक्ष नाही. मोठं चाक कमी वेळा फिरतं, म्हणून मीटर कमी भरतो, इथवर ठीक. पण रिम एका इंचाने मोठी, तर सातेक किमी कमी भरायला हवेत. चौदा कसे? गावच्या शाळेत गुरुजींनी त्रैराशिक घोटून घेतलं होतं. दोनदा मांडलं. सातच येतात.

१८, सोमवार
दुकानात त्याच मापाचा टायर दुसऱ्या तेरा इंची रिमवर चढवून टेप लावली. मग दिलीपरावांच्या जुन्या चाकाला लावली. फरक पंचवीस मिमी हवा होता. त्रेपन्न भरला.
टायर कंपनीचे विक्रेते दुपारी आले होते. सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, "काका, सत्तर मिमी नाही हो. सत्तर टक्के. रुंदीचे सत्तर टक्के. रुंदी वाढवली की उंचीपण वाढते. तेरा इंचीला तुम्हाला १५५/६० लागला असता."
जुन्या टायरवर सगळं इंचात लिहिलेलं असायचं, त्यात वीस वर्षं गेली. हे नवे आकडे आले तेव्हा कुणाला विचारलं नाही. जो निघाला तोच नंबर परत घालत आलो, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही.
ते गेल्यावर किती तरी वेळ टेप हातातच होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दिलीपरावांच्या गाडीसारखीच एक गाडी पंक्चरला आली होती. आपली तीन माणसं मागे बसवली. मागच्या चाकावर पत्र्यापर्यंत जेमतेम दोन बोटं जागा उरली. माझा टायर त्यातली दीड बोट खाणार. एक खड्डा, की पत्र्याची धार सरळ टायरच्या अंगात. मी गाडी रिकामी तपासली होती.
आणि काटा साठ दाखवील तेव्हा गाडी सहासष्टने पळत असेल. चालवणाऱ्याला कळणारही नाही.

१९, मंगळवार
फोन केला. सुनंदाने घेतला. रविवारी वणीच्या गडावर जायचं ठरलंय म्हणाली, सासूसासऱ्यांना घेऊन. म्हणजे चौघं. आणि घाट.
"बाबा, काही काम होतं का?"
"नाही गं. सहज."
हळू जा, एवढंच म्हटलं.

२०, बुधवार
देवापुढे बसलो. मागू काय? टायर मी निवडला. देवीच्याच वाटेवर आहेत, ती सांभाळेल असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आपलं काम तिच्यावर ढकलण्यासारखं.
सौ.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली.
"जावयाला चूक सांगायची लाज वाटते तुम्हाला?"
"तसं नाही..."
"तसंच आहे. उद्या सांगा. नाहीतर मी सांगते, मला ते टक्केबिक्के काही कळत नाहीत तरी."

२१, गुरुवार
सांगितलं. दिलीपराव आधी हसले. "अहो बाबा, नाशिकपर्यंत आलो की. काही झालं नाही."
"मागे कोण बसलं होतं?"
"कोणी नाही. फराळाचे डबे."
"म्हणूनच."
मग म्हणाले, "आमच्या आईला काय सांगू? सासऱ्यांनी टायर चुकीचे घातले?"
"तेच सांगा. माझं नाव घेऊन सांगा."
"बघतो."
म्हटलं, शनिवारी जुनी चाकं घेऊन येतो, स्वतः बदलून देतो. कशाला एवढा त्रास, म्हणाले. नको असंही म्हणाले नाहीत. मी ते होकारासारखं धरलं.

२३, शनिवार, नाशिक
ओळखीच्या टेंपोतून चारही चाकं घेऊन, वाटेत त्याचा माल उतरवत, दीडला पोचलो. दाराला कुलूप.
शेजारच्या बाई बाहेर आल्या. "सुनंदाचे वडील ना? ते सगळे सकाळीच गडावर गेले. उद्या रविवारची गर्दी नको म्हणून आजच. तुम्हाला कळवलं नाही?"
फोन केला असला तरी मी पहाटेच निघालो होतो.
"चौघंच ना?"
"पाच. दिलीपच्या आत्याबाई पण आल्यात ना परवा. मागे दाटीवाटीने बसल्या बिचाऱ्या."
गाडीला अलॉयचीच चाकं होती की दुसरी, ते बाईंना सांगता आलं नाही. "चाकंच होती हो," म्हणाल्या. चहा दिला. आत बसा म्हणाल्या. बसवलं नाही.
चाकं जिन्याखाली लावून वरच्या पायरीवर बसून लिहितोय. साडेचार वाजले. जप सुरू करतो, मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावर गाडी वाजली की उठून कठड्याशी जातो. आतापर्यंत नऊ वेळा गेलो. आता परत एक