पाण्याच्या टाकीपर्यंत

रविवार, २ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उद्यापासून मी रोज तुझ्या शिलाई मशीनच्या डोक्यावरून जाणार आहे. नवा मार्ग मिळाला. सकाळी आपल्या घरावरून डोंगरापलीकडे, दुपारी त्याच वाटेनं परत. विमान एकोणीस माणसांचं. सगळे त्याला बुटकी म्हणतात, कारण आत कुणालाच ताठ उभं राहता येत नाही. वाकून वाकून आपल्याला पोक आलं, असं आमचे कप्तान स्वतःच सांगतात.

मोठ्या जेटवर का जात नाहीस, असं तू विचारलं होतंस. अरे, तिथं बटणं दाबायची आणि कॉफी पीत बसायचं. बुटकीत आपोआप चालवणारं यंत्रच नाही. वाऱ्याचा प्रत्येक धक्का आधी तळहाताला कळतो. दिवसभर चढ-उतार चालू, दार मीच ओढून लावते, वजनदार गृहस्थांना गोड बोलून मीच जागा बदलायला लावते. प्रवासी आणि आम्ही यांच्यामध्ये पडदासुद्धा नाही. काल एका आजीबाईंनी मागून माझ्या खांद्यावर टिचकी मारून विचारलं की जरा हळू चालवता येईल का! एवढी मजा करून वर पगार घ्यायचा, म्हणजे चैनच आहे.

आता आईसाठी एक गंमत. दोन्ही पंखे एकाच वेगानं फिरले की विमानाचा आवाज सपाट, एकसारखा येतो. एकाचा वेग मी दांड्यानं किंचित कमी केला की तोच आवाज वूंऽ वूंऽ असा हेलकावे घेतो. आपलं घर आलं की मी तसं करीन आणि पाण्याच्या टाकीशी पंखे पुन्हा जुळवीन. पोरखेळ टाकीपर्यंतच, अशी कप्तानांची ताकीद आहे. खुबा मोडल्यापासून आई खिडकीशी पडून असते, डोळ्यांनाही धड दिसत नाही. निदान लेक वरून गेल्याचं तिच्या कानांना तरी कळेल.

आईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी


गुरुवार, १३ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

आईला हे नाव अजून आवडत नाही, पण आभाळात आरडाओरडा करत फिरणारीला दुसरं काय म्हणायचं?

तुझ्या गमतीनं माझ्या धंद्याचा पार बोजवारा उडालाय. तुझी वेळ झाली की आईचा हुकूम सुटतो. मशीन बंद, पंखा बंद, शेजारच्या वहिनींचा रेडिओ बंद. परवा अशा गडबडीत एका कारकुनाच्या पँटचा एक पाय मी आखूड बेतला. तुझा वूंऽ वूंऽ आला की आई टाळी वाजवते आणि टाकीपाशी थांबला की म्हणते, गेली गं माझी बाय. महिनोन्‌महिने मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मलाही भरून येतं.

मंगळवारी तर तू कमालच केलीस. जातानाही आणि दुपारी परततानाही! आई दिवसभर त्याच खुशीत होती. मात्र जाताना तू टाकीपाशी थांबायला विसरलीस. कप्तानांचा ओरडा खाशील हं.

प्रकृतीला जप. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा दादा


सोमवार, १७ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. मंगळवारी मी बुटकीत नव्हतेच रे. सर्दीनं कान बसले होते, खोलीवर पांघरूण घेऊन पडले होते. माझ्या जागी नवा सहवैमानिक होता. त्याला विचारलं, तर आपण दांड्याला हातही लावला नाही असं तो शपथेवर सांगतो. कप्तान हसले. म्हणाले, तूच तिला ही खोड लावलीस, आता ती तुझ्याविनाही आईला हाक मारते.

मला हसू आलं नाही. पंख्याचा वेग ताब्यात ठेवणारा एक पुर्जा असतो. तो पुरता बिघडला तर पंखा बेलगाम सुटतो, मग ते इंजिनच बंद करावं लागतं. एका इंजिनावर लंगडी घालत परत यायचं आम्हाला शिकवलेलं आहे, पण ते सपाटीवर. भरलेली बुटकी एका इंजिनावर डोंगर ओलांडू शकत नाही.

म्हणून आजपासून माझा खेळ बंद. तू मात्र कान देऊन ऐक. आता हेलकावा ऐकू आला तर तो मी नव्हे, बुटकीच आहे असं समज आणि मला लगेच कळव. आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझ्या मायेवरच माझी भिस्त आहे.

तुझी धाकटी


रविवार, २३ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

गेल्या बुधवारी ऐकला. अगदी थोडा वेळ, टाकीच्या पलीकडे. लगेच कळवायचं होतं, पण आईच्या काळजीत चार दिवस गेले. ते विमान तुला नाकारता येत नाही का? नोकरी गेली तर गेली, तुला काजं-बटणं करायला बसवीन. चेष्टा नाही करत, मला भीती वाटते.

इकडे आईनं जीव खाल्लाय. तू गप्प का झालीस, तिच्यावर रुसलीस का, की तुला कामावरून काढलं, असं सारखं विचारते. जेवण अर्ध्यावर आलंय. काल म्हणाली की मला विसरलीच ती. तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. येत्या शुक्रवारी तिचा वाढदिवस आहे, त्या दिवशी तू नक्की आवाज देशील, असं मी कबूल करून बसलोय. एवढं एकदाच कर. शुक्रवारी ऐकू आलं तर ती तूच आहेस असं मी धरून चालेन, उगीच घाबरणार नाही.

जास्त काय लिहू? आमची आठवण ठेव.

तुझा दादा


गुरुवार, २७ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी तडक मुख्य मेकॅनिकांकडे गेले. त्यांनी पुर्जा उघडून पाहिला. जमिनीवर तो साळसूदासारखा चालतो. मग ते डोकं धरून बसले. या महिन्यात आणखी दोघा वैमानिकांनी या आवाजाबद्दल सांगितलं होतं, पण हा त्या पोरीचा आईला निरोप, असं म्हणून कार्यशाळेत सगळ्यांनी तो हसण्यावारी नेला होता. माझ्या गमतीखाली तो महिनाभर सुखानं लपून राहिला, दादा.

नवा पुर्जा सोमवारी येईल. तोवर बुटकी उडणार, कारण दुसरं विमान नाही. मी साफ नाही म्हणाले. तर कप्तान म्हणाले की मग ते नव्याला घेऊन जातील. त्याला तो आवाज ओळखताही येत नाही. मला येतो. म्हणून उद्या मीच जाते आहे.

उद्या मी आवाज देणार नाही. आईची समजूत तूच घाल, काहीही सांग. हे पत्र संध्याकाळच्या विमानाच्या टपालात टाकते आहे, म्हणजे सकाळी आम्ही तुमच्यावरून जाण्याआधी तुझ्या हाती पडेल. उद्या हेलकावा ऐकू आला तर टाळी वाजवू नका. धावत कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि विमानतळाला फोन कर. आम्ही दोघं तेव्हा कामात बुडालेले असू, खाली आधी कळलेलं बरं.

आईच्या कपाळावरून माझा हात फिरव. सोमवारनंतर पुन्हा मजाच मजा.

तुझी धाकटी


शुक्रवार, २८ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

शाब्बास गं माझे बाय! आजच लिहायला बसलोय, कारण आईला दम धरवत नाही.

सकाळपासून ती तयार होऊन बसली होती. नवी साडी, उशीला टेकून, पंखा बंद. डोंगराकडे ढग उतरले होते, तू दिसणार नव्हतीसच. आणि मग आलीस. केवढा तो आवाज! एरवीपेक्षा कितीतरी मोठा, आणि हेलकावे इतके भराभर की शेजारच्या वहिनीही धावत आल्या. आईनं टाळ्या वाजवून हात लाल केले. टाकी गेली तरी तू थांबेनास. मी म्हटलं, आज कप्तानांनी वाढदिवसाची सूट दिलेली दिसते. मग ढगांत गेल्यावर कुठेतरी हेलकावा तुटला आणि एकच बारीक आवाज राहिला. आई म्हणाली, बघ, कशी शहाण्यासारखी थांबली.

तुझं पत्र नाही. पोस्टमन तापानं पडलाय म्हणे, आजचं टपाल उद्या वाटतील. आल्यावर उत्तर देतोच. आई आज पोटभर जेवली, हे तुझ्यामुळे.

खूप मोठी हो. घरावर अशीच पाखर असू दे.

तुझा दादा

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. दुपारचं तुमचं विमान अजून गेलेलं नाही. ढगांमुळे उशीर झाला असेल. आई म्हणते, परतताना ती पुन्हा आवाज देईल. उन्हं उतरली तरी तिनं पंखा लावू दिलेला नाही.