कोंडिबाच्या खऱ्या बापाबाबत खुलासा

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
बारामती उपविभाग, बारामती, जि. पुणे.

विषय : माझे आजोबा कै. कोंडिबा यांच्या सन १८८९ च्या जन्मनोंदीत बापाचे नाव व जात दुसऱ्याची लागल्याबाबत खुलासा, व सुनावणीपुरती एक विनंती.

संदर्भ : माझ्या नातीच्या जातीच्या दाखल्याच्या प्रकरणी मिळालेले आपले त्रुटीपत्र.

महोदय,

मी खाली सही करणारा महिपती सिद्धू बंडगर, वय ६८, सेवानिवृत्त एस.टी. वाहक, राहणार पळसदेव, ता. इंदापूर, सत्य तेच लिहून देतो की,

१. माझ्या नातीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी धनगर जातीचा दाखला हवा आहे. आपण १९६१ पूर्वीचा पुरावा मागितलात, तो नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आमची माणसे जन्मभर मेंढरांमागे फिरली. आजा नाही, बाप नाही, कोणी शाळेची पायरी चढले नाही. शाळेत गेलेला घरातला पहिला प्राणी मी, तोही १९६१ नंतर. शेवटी पुष्कळ हेलपाटे घातल्यावर जुन्या पळसदेवचे कोतवाल बुक पाहायला मिळाले. मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी बोट ठेवून वाचले : ‘कोंडिबा. बापाचे नाव राणू. जात कुंभार.’ शेजारी उभ्या एका इसमाने मला सुचवले की मग कुंभाराचाच दाखला काढा की, काम लवकर उरकेल. त्यावर मी त्यांना जे बोललो ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

२. त्याच बुकात मागल्या पानांवर बिरू वलद मायाप्पा, जात धनगर, यांच्या चार मुलांच्या मृत्यूच्या नोंदी आहेत. चारही ठिकाणी नावाच्या रकान्यात ‘नाव ठेवले नाही’ असे आहे. बारशापर्यंत एकही पोचले नव्हते. बिरू हे माझे पणजोबा, म्हणजे ही चौघे माझ्या आजोबांची थोरली भावंडे. ती होती हेसुद्धा मला या वयात कळले. तिथेच मी त्या चारही नोंदींच्या नकला मागितल्या.

३. पुढचे मला गावातल्या जुन्या माणसांकडून कळले. पाचव्या खेपेला आजोबा जन्मले. पोरे जगत नसली की आमच्याकडे पोर दुसऱ्याला देऊन टाकायची रीत होती, म्हणजे मरण पुन्हा त्या घरी आले तरी त्याला तिथे त्या घरचे पोर सापडू नये. बाळाला सुपात घालून राणू कुंभाराच्या दारी नेले. त्याच्या बायकोने सूपभर कोंडा देऊन ते घेतले, म्हणून नाव कोंडिबा. मग तिनेच ते सांभाळायला म्हणून परत पणजीच्या ओटीत घातले. पणजी पदराखाली घेतानासुद्धा म्हणायची की कुंभाराचं पोर राखतेय. इथवर नवल काही नाही, असे कोंडिबा गावोगाव होते. चूक पुढे झाली. बाकीचे लोक घरात काहीही म्हणत, पण कोतवालाला खरे नाव सांगत. बिरूने कोतवालालाही राणूचेच नाव सांगितले. मरणाला मोडी वाचता येते की नाही हे त्याला ठाऊक नव्हते, आणि चार पोरे पुरून आलेला बाप कशाला पारखत बसेल? सरकारला फसवण्याचा त्याचा हेतू नव्हता. सरकार त्याच्या ध्यानीमनीही नसावे.

४. या हकिकतीबाबत आपण घरातील जाणत्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र मागितलेत. जाणती एकच उरली आहे, माझी आई फुलाबाई, वय नव्वदीला आलेले. तिला हे तिच्या सासूने सांगितले होते. पण आई अंगठा द्यायला तयार होईना. मी चिडलो, नाही नाही ते बोललो. तेव्हा तिने सांगितले की माझ्या आधी तिला एक मुलगा होता. त्याच्या बारशाला बायकांच्या थट्टेत तिने हसत हसत ही गोष्ट मोठ्याने सांगितली होती, की आमचा मामंजी काही कुंभाराचा नव्हे, आमचाच. आषाढात पोराला ताप भरला आणि ते गेले. तेव्हापासून तिने याबद्दल ब्र काढलेला नाही. मी समजावले की आई, ताप तो ताप, आणि हा तर नुसता कागद आहे. त्यावर ती म्हणाली, “कागद बोलतो, महिपती. बोलत न्हाय तर मग सायबाला कळणार कसं?” 

५. त्यानंतर नातीने प्रवेशाचा विषयच सोडला. ती बावड्याकडे डाळिंबाच्या तोडणीला जाऊ लागली. काट्यांनी ओरबाडलेले तिचे हात आईने एकदा आपल्या हातात धरले, बराच वेळ सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, “आण तुजा कागद.” अंगठा दिला. आता ती रोज नातीच्या अंथरुणालगत निजते, उशाखाली विळा ठेवते, आणि पोर साधे खोकले तरी उठून बसते.

६. तरी आपणांस विनंती की, कोंडिबा हे बिरू धनगर यांचेच पुत्र होत असे मान्य करून दाखला मिळावा. दुसरी विनंती, आणि हीच मुख्य समजावी, की सुनावणीत आईचे प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचू नये. आपण मनातल्या मनात वाचावे. नियमात असे काही नाही हे मी जाणतो. मी स्वतः शिकलेला मनुष्य आहे, जन्मभर तिकिटे फाडली, असल्या गोष्टी मी मानत नाही.

७. या अर्जात मी माझ्या नातीचे नाव कुठेही लिहिलेले नाही. ते अनवधानाने राहिलेले नाही. ते मूळ प्रकरणात आहे, तिथूनच पाहून घ्यावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
महिपती सिद्धू बंडगर
पळसदेव, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
(१) कोतवाल बुकातील जन्मनोंदीची नक्कल, मोडी व देवनागरी.
(२) नाव न ठेवलेल्या चार मुलांच्या मृत्यूनोंदींच्या नकला.
(३) श्रीमती फुलाबाई सिद्धू बंडगर यांचे प्रतिज्ञापत्र, बंद पाकिटात.